प्रस्तावना : धीर कुणाला द्यायचा?

मंत्रचळ झालेल्या माणसाच्या घरात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य एकच असतं : ‘अगं, काही होत नाही.’ आई म्हणते, नवरा म्हणतो, धाकटा भाऊ म्हणतो, आणि जवळ कुणी नसलं की तो माणूस स्वतःच स्वतःला तेच बजावत राहतो. वाक्य मायेचं आहे. त्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. तरीही मंत्रचळावर, म्हणजे ओसीडीवर, उपचार करणारी मंडळी गेली कित्येक वर्षं नेमक्या याच वाक्यापासून सावध राहायला सांगत आली आहेत. हा आजार ज्यावर पोसला जातो त्यात घरच्यांच्या दिलाशाचा वाटा मोठा असतो, असं त्यांचं म्हणणं आहे. ते पटायला जड जातं. आजारी माणसाला धीर देऊ नका, असं कुणी सांगितलं तर राग येणं साहजिक आहे. पुढची प्रकरणं हा राग बाजूला ठेवून वाचता यावीत, यासाठी ही प्रस्तावना.

गोखिवरे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. वसई पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या अलीकडे असलेलं हे गाव आता वसई-विरार महापालिकेत आहे. गावाला तलाव आहे, जुनी वस्ती आहे आणि आजूबाजूला लहान उद्योगांचे गाळेच गाळे आहेत. शहराचा कचरा जिथे जातो ते भोईदापाड्याचं डम्पिंग ग्राउंडही गोखिवऱ्यातच. पाण्याची ओढाताण तर वसई-विरारच्या माणसाला सांगायला नको. अशा जागी ज्याला घाणीची भीती बसली त्याला ‘सगळं स्वच्छ आहे’ असं सांगून भागत नाही, कारण सगळं स्वच्छ नाही हे त्यालाही दिसतं आणि सांगणाऱ्यालाही.

इथलं एक घर कल्पनेत आणा. बारावीतली मुलगी क्लासहून परतते. वाटेत कचऱ्याची गाडी तिच्या शेजारून गेलेली असते. दारात चपला काढता काढताच ती विचारते, ‘आई, त्या गाडीचं पाणी माझ्या अंगावर उडालं नसेल ना?’ आई म्हणते, ‘नाही गं, कोरडी ठणठणीत तर आहेस.’ मुलगी आत जाते, कोपरापर्यंत हात धुते, बाहेर येते. ‘पण ओढणीवर उडालं असेल तर?’ आई ओढणी उलटसुलट करून दाखवते. ‘बघ, आहे का कुठे डाग?’ पाचेक मिनिटं बरी जातात. मग पुन्हा, ‘डाग वाळून गेला असेल तर तो दिसणार कसा?’ ओढणी बादलीत जाते. ओढणी दप्तराला लागली होती म्हणून दप्तर जातं. सकाळी भरलेलं पिंप निम्म्यावर येतं, उद्या पाणी येईल की नाही याची शाश्वती नसते, आणि आईचा आवाज चढतो, ‘पुरे झालं आता! एक थेंब उडालेला नाही, देवाशपथ सांगते!’ शपथेनं मुलगी निवते. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्याच प्रश्नाला शपथ लागते.

या आईनं काही वावगं केलेलं नाही. कुठलीही आई हेच करील. पण मुलीचा प्रश्न पाण्याबद्दलचा नव्हताच. तिला शंभर टक्के खात्री हवी होती, आणि तशी खात्री जगात कुठल्याच गोष्टीची कुणालाच देता येत नाही. आईनं प्रत्येक उत्तरातून ती देण्याचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक उत्तरात मुलीला एक नवी फट सापडली.

ओसीडीत मनात एखादा विचार, एखादं चित्र किंवा शंका नको असताना शिरते आणि जाता जात नाही. त्यातून जीव घाबरा होतो. ती घबराट शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो : धुतो, तपासतो, मोजतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, कुणाला तरी विचारतो. त्यानं घटकाभर बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणूनच पुढच्या वेळी तेच करावंसं वाटतं. यातलं धुणं आणि तपासणं लोकांना दिसतं, म्हणून त्याला नाव मिळतं. ‘तिला स्वच्छतेचं वेड आहे’, ‘तो फार संशयी आहे’. विचारणं मात्र आजाराच्या खाती कुणी मांडत नाही, ते नुसतं बोलणं वाटतं. खरं तर ‘उडालं नसेल ना?’ हा प्रश्न आणि पाचव्यांदा धुतलेले हात ही एकाच जातीची कृती आहे. फरक इतकाच की हात धुवायला पाणी लागतं आणि प्रश्नाला घरातलं दुसरं माणूस लागतं.

असे विचार फक्त आजारी माणसालाच येतात, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा यांनी 1978 मध्ये साध्या, निरोगी लोकांना त्यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांबद्दल विचारलं, तेव्हा बहुतेकांना तसे विचार येत होते आणि आशयात ते रुग्णांच्या विचारांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांपैकी जवळपास 94 टक्क्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार मनात घुसल्याचं सांगितलं. लोकलच्या दारात उभं असताना ‘समोरच्याला ढकललं तर?’ असं चमकून जाणं, तान्ह्या बाळाला घेऊन गॅलरीत गेल्यावर ‘हातातून सुटलं तर?’ म्हणून काळजात धस्स होणं, हे पुष्कळांना होतं. बहुतेक जण मान झटकून पुढे जातात. ओसीडी असलेला माणूस तिथेच अडकतो, कारण असा विचार आला म्हणजे आपण तसे आहोत, आणि आता काही अघटित घडलं तर त्याची जबाबदारी आपली, असं त्याला वाटतं. पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये या अवाजवी जबाबदारीच्या भावनेवर बोट ठेवलं. बाळाला इजा करण्याच्या विचारानं हादरलेली आई बाळाच्या जवळ जायची थांबते, ती त्या विचाराची किळस आणि भीती वाटते म्हणूनच. तिच्याकडे संशयानं बघणारं घर तिचा आजार दुप्पट करतं.

2015-16 मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे 0.8 टक्के आढळलं. महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता. तरी तेच प्रमाण धरलं, तर 2011 च्या जनगणनेत 12 लाखांवर लोकवस्ती असलेल्या वसई-विरारमध्ये असे काही हजार लोक असणार. म्हणजे रोज संध्याकाळी वर सांगितलेला संवाद या शहरात कितीतरी घरांत चालू असतो.

आता दिलासा का चालत नाही याकडे येऊ. गाळ्याला कुलूप लावून निघालेला एखादा तरुण वाटेतून परत जातो आणि शटर हलवून बघतो. मग कुलपाचा मोबाइलवर फोटो काढतो. घरी आल्यावर फोटो बघतो, आणि हा फोटो कालचा तर नसेल, अशी शंका येते. त्याला वाटतं, आपली स्मरणशक्तीच गेली. नेदरलँड्समधले मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी 2003 मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटच्या वेळी काय झालं हे त्या माणसांना बरोबर आठवत होतं. पण ती आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. म्हणजे तपासण्यानंच शंका वाढली, तीही ज्यांना काही आजार नव्हता त्यांची. दिलाशाचंही तसंच आहे. नायटा खाजवताना बरं वाटतं, आणि खाजवल्यानंच तो पसरतो. ‘काही होत नाही’ हे वाक्य विसाव्यांदा ऐकणाऱ्या माणसाला त्या वाक्यातून काही नवं कळत नाही. आपल्याला ते ऐकल्याशिवाय राहवत नाही, एवढंच काय ते तो शिकतो.

इथे कुणी म्हणेल, मग दुसऱ्याला विचारू नये, स्वतःच स्वतःला समजवावं. सकारात्मक विचार करावा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि व्हॉट्सअॅपवरचे सुविचार हेच तर सांगतात. ओसीडीच्या बाबतीत हा सल्ला बेतानंच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. ‘मी सुरक्षित आहे, मी सुरक्षित आहे’ असं मनात म्हणत राहणारा माणूस थोड्याच दिवसांत ते वाक्य ठरावीक वेळा, ठरावीक लयीत, मध्ये दुसरा विचार न येऊ देता म्हणायला लागतो. आलाच मध्ये विचार, तर पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून बघणाऱ्याला तो गप्प बसलेला दिसतो आणि आत धुणं चालूच असतं. शिवाय गोड वाक्यं सगळ्यांना सारखी मानवत नाहीत. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट आहे, अशांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःला म्हटलं तर त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य मनावर लादलं की मन लगेच विरोधातला पुरावा काढून दाखवतं. ओसीडीचं मन तर पुरावे काढण्यात तरबेज असतं.

याचा अर्थ स्वतःशी बोलूच नये असा नाही. मराठी वाचकाला या बाबतीत एक चांगला वारसा मिळालेला आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी इथे रुजवली, ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठीतून घरोघरी नेली, अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ लिहून त्या माणसाची ओळख करून दिली. एलिस स्वतःला गोंजारायला सांगत नाहीत. ते आपल्या मनातला ‘च’ शोधायला सांगतात. ‘मला खात्री मिळालीच पाहिजे’ हा तो ‘च’. त्याच्या जागी ‘खात्री मिळाली असती तर बरं वाटलं असतं, पण ती मिळायलाच हवी असा काही नियम नाही, आणि ती नसतानाही मी जेवायला बसू शकते’ हे वाक्य ठेवून बघा. या वाक्यात कसलंही आश्वासन नाही. पाणी उडालं असेल की नसेल यावर ते बोलतच नाही. म्हणून ते टिकतं. मात्र तेही दिवसातून पन्नासदा घोकलं तर त्याचा जप होईल. एकदा म्हणावं आणि हातातल्या कामाला लागावं. भीती सोबत आली तर येऊ द्यावी.

धर्माच्या अंगानं येणारी ओसीडी आपल्याकडे बरीच आहे, आणि ती ओळखायला सर्वांत अवघड, कारण घरात तिचं कौतुकच होतं. स्तोत्रातला एक शब्द अडखळला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणणारे आजोबा, शिवल्याच्या शंकेनं तीनदा अंघोळ करणारी आजी. मुसलमानांत वजू नीट झाली की नाही या शंकेनं पुन्हा पुन्हा हातपाय धुणाऱ्याची अवस्था ‘वसवसा’ म्हणून जुन्या काळापासून ओळखली गेलेली आहे. वसईतल्या ख्रिस्ती वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. वसईच्या किल्ल्यात ज्यांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत, त्या जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मॅनरेसा गावी याच यातनेत होता. पापांची कबुली नीट दिली गेली की काहीतरी राहिलं, या शंकेनं तो पुन्हा पुन्हा कबुली देत राहिला. धर्मगुरूनं सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप बोल. त्याचा उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियसला सगळंच स्पष्ट वाटत होतं. शेवटी त्यानं जुन्या पापांची कबुली द्यायचीच नाही असं ठरवलं, आणि त्या छळातून तो मोकळा झाला. पुढे त्यानं आपल्या ‘आत्मिक साधने’त अशा शंकांविषयी स्वतंत्र टिपणं लिहून ठेवली. देवभक्ती आणि देवाची दहशत यांतला फरक त्याला स्वतःच्या अंगावर कळला होता.

आज ज्या उपचाराला सर्वाधिक आधार आहे त्याचं मर्म हेच. 1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर तो करून पाहिला. ज्याची भीती वाटते त्याच्या सामोरं जायचं, आणि नंतरची धुण्या-तपासण्याची कृती करायची नाही. परिचारिका दिवसभर सोबत राहून रुग्णांना त्या कृतीपासून परावृत्त करत. दोघांनाही गुण आला. तेव्हापासून या पद्धतीवर खूप काम झालं आहे. आता ती रुग्णाच्या संमतीनं, त्याच्याशी ठरवून, सोप्या भीतीपासून अवघड भीतीकडे जात, पायरी पायरीनं करतात. वरच्या मुलीसाठी पहिली पायरी कदाचित एवढीच असेल, की दप्तर न धुता खोलीत ठेवायचं. भीती चढते, तशीच राहते, कधी उतरते, कधी लवकर उतरत नाही. ती उतरली नाही तरी आपण जेवलो, अभ्यासाला बसलो, हे मुलीला कळतं. जोडीला औषधं लागू शकतात. फ्लुओक्झेटिन, सेरट्रॅलिन, फ्लुव्होक्झामिन ही औषधं किंवा जुनं क्लोमिप्रॅमिन मानसोपचारतज्ज्ञ देतात. ओसीडीत ती बहुधा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात, आणि पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून ती सोडून देणारे फार आहेत.

आता घरच्यांबद्दल. 1995 मध्ये लिसा कॅल्वोकोरेसी आणि सहकाऱ्यांनी ओसीडी असलेल्यांच्या नातेवाइकांना विचारलं, तेव्हा बहुतेक घरं कुठल्या ना कुठल्या रूपात आजाराला हातभार लावत असल्याचं दिसलं : उत्तरं देणं, वस्तू धुऊन देणं, रस्ता बदलणं. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ मुलांच्या चिंताविकारांत फक्त आईवडिलांनाच शिकवतात. मुलाला उपचाराला बसवतही नाहीत. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत या पद्धतीनं मुलांना झालेला फायदा, मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच होता. ते आईवडिलांना जे बोलायला शिकवतात त्यात दोनच गोष्टी असतात : तुला त्रास होतोय हे मला समजतं, आणि तू तो सोसू शकशील यावर माझा विश्वास आहे. गोखिवऱ्यातली आई हे तिच्या बोलीत म्हणेल, ‘तुला खूप भीती वाटतेय गं, दिसतंय मला. पाणी उडालं की नाही ते मी आज सांगणार नाही, आपलं ठरलंय ना तसं. पण मी इथेच बसलेय तुझ्याजवळ. चल, भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे.’ या बोलण्यात धीर भरपूर आहे. तो मुलीला मिळतो, शंकेला मिळत नाही. या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते सगळं या एका फरकात आहे.

‘आपलं ठरलंय’ हे शब्द महत्त्वाचे. आजवर दिवसाला चाळीस उत्तरं देणारं घर एका सकाळी गप्प झालं, तर त्या मुलीवर आभाळ कोसळेल. ते उपचार नव्हे, शिक्षा झाली. तिच्याशी शांत वेळी बोलून, शक्यतो उपचार करणाऱ्याच्या मदतीनं, कुठले प्रश्न, कधीपासून, किती, हे ठरवावं लागतं. खरी माहिती एकदा सांगायला काहीच हरकत नाही; कचऱ्याला हात लागल्यावर साबणानं हात धुवावेत हे कुणीही सांगावं. तीच माहिती पुन्हा पुन्हा मागितली गेली की ती माहिती उरत नाही. हे पुस्तक वाचून कुणी आपल्या माणसाला ‘तू हे आजारामुळे विचारतेस’ असं टोचून बोलू लागलं, तर मला वाईट वाटेल. आणि माणूस मरणाबद्दल, जगणं नको झाल्याबद्दल बोलू लागला, तर यातला कुठलाही नियम पाळत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा.

ती मदत फार दूर नाही. 1901 पासून चालत आलेलं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पालघर जिल्हा 2014 मध्ये वेगळा झाला तरी वसईकरांची तिकडची वाट जुनीच आहे. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मनोविकाराच्या उपचारांनाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. विमा असेल तर आपल्या पॉलिसीत काय आहे ते विचारून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुस्तक आजारी माणसाच्या हातात देण्याआधी घरातल्या मोठ्यांनी वाचावं, आणि एकट्या आईनं नव्हे. ज्या घरात आई उत्तर द्यायचं थांबते आणि बाबा हळूच देतात, तिथे काहीच बदलत नाही. वाचून झाल्यावर डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर आज रात्री टेली-मानसचा 14416 हा क्रमांक फिरवा.